कर्मणी प्रयोग

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा रंगीत फलक, आत गादी, लोड, पाण्याचा माठ आणि वही उघडून बसलेला व्यवस्थापक. गावोगावचे यात्रा कमिटीवाले जीपमधून उतरतात, चार राहुट्या हिंडतात, चहा पितात, तारखेवरून आणि आकड्यावरून घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांचे तमाशे इथे ठरतात. गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते यासाठीच.

1997 च्या पाडव्याला त्या राहुट्यांपुढून मी खांद्याला शबनम अडकवून आणि हातात चौदा पानी प्रश्नावली घेऊन फिरत होते. समाजकार्याची पदवी हातात पडून वर्षही झालं नव्हतं. तमाशा कलावंतांच्या मुलांच्या शिक्षणाचं काम एका संस्थेने घेतलं होतं आणि त्या कामावर नेमलेली मी एकटीच होते. तमाशा मला आवडत नव्हता. तोवर एकही पाहिलेला नव्हता, हे त्याचं कारण.

एका फडाच्या मुक्कामावर मला ती तिघं भेटली. तिशीची आई, बोर्डावर नाचणारी. अकरा वर्षांची मुलगी. आणि मुलीच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ. बाळ आईकडे क्वचितच दिसायचं, ते मुलीच्या कडेला चिकटलेलंच असायचं. मी ते पाहिलं, पण प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता. मी लिहिलं : शाळाबाह्य, दुसरीनंतर खंड, शिक्षणाची आवड आहे. तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी आई हो म्हणाली. जूनमध्ये मुलीला लांबच्या तालुक्यातल्या एका वसतिगृहात पोचवलं. नवं दप्तर घेतलेला तिचा फोटो संस्थेच्या वार्षिक अहवालात आला. माझ्या अहवालात दोन ओळी होत्या : ‘पालकांचे समुपदेशन करण्यात आले. मुलीस वसतिगृहात दाखल करण्यात आले.’

दसऱ्यानंतर फड बाहेर पडले. थंडीच्या दिवसांत एका गावी त्याच फडाचा तंबू लागला होता. मुलीचे सहामाहीचे गुण आईला दाखवावेत म्हणून मी संध्याकाळी तिथे गेले. गुण चांगले होते आणि मला ते सांगायची घाई होती. कनातीमागे पत्र्याच्या पेट्यांवर बसून बायका चेहरे रंगवत होत्या. आईने कागद पाहिला, कपाळाला लावला, परत दिला. तेवढ्यात ढोलकी कडाडली आणि तिने काही न बोलता बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. “जरा धरा,” म्हणाली आणि गेली.

ते ‘जरा’ पहाटेपर्यंत चाललं. बाळ आता वर्ष ओलांडलेलं, अंगाने जड, आणि अनोळखी हाताला अजिबात न बधणारं. गण झाला, गवळण झाली, बाळ रडत होतं. एक-दोघींनी येता-जाता त्याच्या तोंडात बोट दिलं, कोणी बिस्किट दिलं. आई दोन गाण्यांच्या मध्ये धावत यायची, घुंगरांसकट खाली बसायची, पाजायची आणि हाक आली की अर्ध्यावर उठायची. मग बतावणी सुरू झाली आणि मी कनातीच्या फटीतून बाहेर पाहिलं.

सोंगाड्याने खांद्याला धोतराची पिशवी अडकवली होती, नाकावर बिनकाचांचा चष्मा होता, हातात भाकरीच्या टोपलीचं झाकण. तो वही धरावी तसं झाकण धरून मावशीला विचारत होता, “बाई, घरी संडास आहे का?” मावशी म्हणाली, “हाय की. सगळा माळ आपलाच हाय.” “उत्पन्न किती?” “पाऊस पडला तर इचार.” “मुलं किती?” “दिवसाची सांगू का रातची?” तंबू खदखदायला लागला. सोंगाड्याने झाकणावर बोटाने सगळं लिहून घेतलं, चष्मा सारखा केला आणि अगदी माझ्याच आवाजात, शब्दांमध्ये तेवढीच जागा सोडत म्हणाला, “छान. आता तुमची एखादी समस्या सांगा.” मावशीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “अगं बाई, तूच की.”

माझ्या मांडीवरचं बाळ त्या हशाने दचकलं आणि मग, कोण जाणे का, झोपलं.

पहाटे आई तोंड धुऊन आली. तिने बाळ घेतलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हे मला आजही अवघड जातं. म्हणाली, “ताई, पोरगी न्हेली ते बरंच केलं. पन रातच्याला ह्याला कुनी घ्यायचं, ते काय तुमी इचारलं न्हाई.”

नंतर हळूहळू कळलं. रात्री बाळाला सांभाळणारी मुलगी गेल्यावर आईची गाणी कमी झाली होती. जी बाई मध्येच उठून पाजायला पळते तिला मोठ्या लावणीत कोण उभी करणार? गाणी कमी म्हणून पैसा कमी, आणि पैसा कमी म्हणून मालकाकडून घेतलेली उचल त्या हंगामात फिटणार नव्हती. तमाशात आगाऊ घेतलेल्या रकमेला उचल म्हणतात. ती हंगामभर नाचून फेडायची असते. मी मुलगी उचलली आणि तिच्या आईची उचल वाढली. हा शब्दांचा खेळ मी केलेला नाही, भाषेनेच तो तिथे आधी करून ठेवला होता.

इथे कोणी म्हणेल की मग मुलीला न्यायलाच नको होतं. तसं नाही. मुलगी दहावी झाली, पुढे शिकली, आज तिचं बरं चाललं आहे. काम फसलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती, मी कान धरले असते आणि सुटले असते. काम यशस्वी झालं आणि त्याची किंमत तिसऱ्याच कोणीतरी मोजली, ती माझ्या वहीत कुठेच नव्हती. संस्थेकडे मी रात्रीच्या पाळणाघराचा प्रस्ताव दिला. शिक्षणाच्या निधीत पाळणाघर बसत नाही असं उत्तर आलं. पुढे फडातल्याच एका म्हातारीने तीन-चार पोरं रात्री सांभाळायला घेतली आणि बायकांनी आपापसांत तिचं ठरवून दिलं. त्याला प्रस्ताव लागला नाही.

शाळेत व्याकरणाच्या बाई कर्मणी प्रयोग शिकवताना सांगत, कर्त्याला तृतीया लागते : रामाने आंबा खाल्ला. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, पण राम वाक्यात असतो. सरकारी मराठीने आणि तिच्या पावलावर पाऊल ठेवून आम्हा संस्थावाल्यांच्या मराठीने त्या रामालाही काढून टाकलं. आंबा खाण्यात आला. मार्गदर्शन करण्यात आलं, साहित्य वाटप करण्यात आलं, मन वळवण्यात आलं. ज्या घरात जाऊन एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात हात घातला, त्या घराच्या अहवालात हातच नाही. हा नम्रपणा आहे असं मला पुष्कळ दिवस वाटत असे. ‘मी’ लिहायचं नाही, संस्थेचं काम आहे. आता वाटतं, हातावरचा डाग दिसू नये म्हणून हात मागे घेण्याची ती रीत आहे.

तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. नऊ महिन्यांचं पोट घेऊन बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि परत येऊन नाचल्या, ही त्यांची आठवण महाराष्ट्र अजून कौतुकाने सांगतो. सांगताना कोणी विचारत नाही की त्या रात्री ते बाळ कोणी धरलं असेल. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेल्या या बाईची शेवटची वर्षं हलाखीत गेली, 2002 च्या जानेवारीत त्या वारल्या. 2006 पासून त्यांच्या नावाने राज्याचा जीवनगौरव पुरस्कार देण्यात येतो. देण्यात येतो.

भारतात समाजकार्य शिकवायला सुरुवात झाली ती 1936 मध्ये, मुंबईत, सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या शाळेत. नागपाड्यात वस्तीकाम करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. तिथून ती विद्या आमच्यापर्यंत आली. तिच्याबरोबर एक चांगली सवयही आली : क्षेत्रकार्याहून परतलं की झालेलं संभाषण शब्दशः लिहून काढायचं, तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, तेव्हा मला काय वाटलं. आम्ही याला ‘प्रोसेस’ म्हणायचो आणि फार कंटाळायचो. रात्री अकराला खोलीतल्या मैत्रिणीचं प्रोसेस पाहून आपलं रचणाऱ्याही काही थोर मुली होत्या. मार्गदर्शक बाई लाल शाईने समासात एकच प्रश्न लिहीत : इथे तू कुठे आहेस? मला तो प्रश्न जागेविषयी वाटायचा. मी खाली लिहायचे, ‘ओट्यावर बसले होते.’

अभ्यासक्रमात स्वतःला असं तपासण्याला आता ‘चिकित्सक चिंतन’ म्हणतात. आपल्याकडे आत्मपरीक्षण हा शब्द आधीपासून आहे, पण तो मला पुरत नाही. आत्मपरीक्षण करणारा मन स्वच्छ आहे की नाही ते पाहतो, आणि आमच्यासारख्यांचं मन बहुतेक वेळा स्वच्छच असतं, तीच तर अडचण आहे. चिकित्सा करायची ती हाताने काय केलं त्याची.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला समाजकार्याच्या पुस्तकात मिळालं नाही, जुन्नरच्या बिबट्यांत मिळालं. त्यातही माझं अक्षर आहे.

कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांच्या पाण्याने हा कोरडा टापू हिरवा झाला. नारायणगावचे टोमॅटो, द्राक्षं आणि मैलोन् मैल ऊस. ऊस वर्षभर उभा, दाट, पाणी जवळ, कुत्री आणि शेळ्या हाताशी. बिबट्याला आणखी काय हवं? उसात त्याच्या पिढ्या जन्मल्या. 2001 च्या सुमारास माणसांवरचे हल्ले वाढले तेव्हा मी याच भागात बचत गटांचं काम करत होते. एका गावात बायकांच्या बैठकीत सगळ्यांनी एकच मागणी केली : पिंजरा लावा, वाघरू उचलून न्या. निवेदन लिहायला कोणी नव्हतं. मी लिहिलं, सुवाच्य, दोन प्रतींत. पिंजरा लागला, आत शेळी बांधली, बिबट्या सापडला, गाडीत घालून लांब जंगलात सोडला गेला. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटलं, आपलं अक्षर कामी आलं.

पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षांचा हिशेब मांडला आणि तो 2011 मध्ये छापून आला. 1993 ते 2001 या काळात जुन्नर वनविभागात बिबट्याचे माणसांवर हल्ले सरासरी वर्षाला 4 होत. पकडून दुसरीकडे सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर, 2001 ते 2003 मध्ये, ते 17 झाले. हल्ल्यांत जीव जाण्याचं प्रमाण दुप्पट झालं. 29 बिबटे सरासरी 40 किलोमीटरवर नेऊन सोडले गेले होते. बिबट्या आपला मुलूख धरून राहणारा प्राणी. अनोळखी जागी सोडलेला, पिंजऱ्यात माणसांच्या गराड्यात दिवस काढलेला बिबट्या बिथरतो, घराकडे निघतो, वाटेत माणसांत येतो. आणि इथली मोकळी झालेली जागा मोकळी राहत नाही. विहिरीतून काढून माळशेजला सोडलेला एक बिबट्या पुढे चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, त्याला ‘आजोबा’ नाव पडलं आणि त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला. बाकीच्यांवर चित्रपट निघाले नाहीत.

अत्रेय यांचा तो लेख मी वाचला तेव्हा मला कनातीमागची रात्र आठवली. माणसाच्या लेकराची तुलना जनावराशी करते आहे असं कोणाला वाटेल तर वाटो. माझी तुलना उचलणाऱ्यांची आहे. आम्ही दोघांनीही, म्हणजे मी आणि पिंजरेवाल्यांनी, संकट डोळ्यांपुढून हलवलं आणि त्याला ‘सुटलं’ म्हटलं. ते जिथे नेऊन ठेवलं तिथे आमचा दौरा नव्हता. फरक इतकाच की बिबट्यांच्या बाबतीत कोणीतरी आधीची आणि नंतरची आकडेवारी शेजारी मांडली, चूक कबूल करता येईल इतकी स्पष्ट. आमच्या धंद्यात वाटपाची आकडेवारी असते. नंतर काय झालं याची नसते.

पण ही गोष्ट इथे संपवली तर मीही लबाडी केली असं होईल. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुत परिसरात थोड्याच दिवसांच्या अंतराने तीन बळी गेले, त्यांत दोन मुलं. लोकांनी रस्ता अडवला. शेतात जाताना माणसांनी गळ्याला टोकदार खिळ्यांचे पट्टे बांधले. त्या गावात जाऊन, हातात 2011 चा लेख घेऊन, ‘बिबट्या हलवल्याने प्रश्न सुटत नाही’ असं सांगायला कोणी मला पाठवलं तर मी जाणार नाही. लेख खोटा आहे म्हणून नव्हे. ज्या आईचं पोर गेलं तिच्यापुढे आपल्या जुन्या चुकीतून मिळालेलं शहाणपण वाचून दाखवणं, ही नवी चूक आहे म्हणून. डॉनल्ड शॉन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1983 च्या पुस्तकात म्हटलं आहे की व्यावसायिकाला उंचावरच्या टणक जमिनीवर उभं राहता येतं, पण माणसांचे खरे प्रश्न खालच्या दलदलीत असतात. आपल्या भाताच्या मुलखात हे समजवायला पुस्तक लागत नाही. खाचरात उतरल्याशिवाय लावणी होत नाही, आणि उतरलं की पाय कुठे पडतो ते दिसत नाही.

खाचरावरून पडकई आठवते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला महादेव कोळी समाजात ही जुनी रीत : उन्हाळ्यात चार घरांनी मिळून एकेकाच्या उतारावर जायचं, दगडाची ताल रचायची, माती ओढायची, एक नवं खाचर काढायचं. आज तुझं, उद्या माझं. डिंभे धरणात जमिनी गेलेल्यांबरोबर काम करताना आनंद कपूर, कुसुम कर्णिक आणि त्यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने तिला बळ दिलं. पुढे पडकई ही सरकारी योजनाही झाली. मी स्वतः दोन वाड्यांत तिचे अर्ज भरून दिलेत आणि अहवालात आनंदाने लिहिलंय : ‘पारंपरिक ज्ञानाचे पुनरुज्जीवन करण्यात आले.’ योजना आली की उद्दिष्ट येतं, उद्दिष्ट आलं की मार्च येतो, आणि मार्चमध्ये हाताने माती ओढत कोण बसतं? काही उतारांवर यंत्रं चढली. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गाव डोंगराखाली गेलं. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही तेव्हा बाहेर कळलं. 151 माणसं गेली. त्यानंतर उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे अनेकांनी बोट दाखवलं, इतरांनी अतोनात पावसाकडे आणि मुळातच ठिसूळ झालेल्या डोंगराकडे. कशाचा वाटा किती, ते मातीची पारख असलेल्यांनी सांगावं. माझे अर्ज माळीणचे नव्हते. तरी त्या ऑगस्टमध्ये मी माझ्या दोन वाड्यांत गेले आणि भर पावसात खाचरं पाहत हिंडले, आयुष्यात पहिल्यांदा. अर्ज भरताना मी ती पाहिली नव्हती. दोन्ही वाड्यांतलं काम हाताचं होतं, ताली जाग्यावर होत्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, “काय शोधता, बाई?” मला सांगता आलं नाही.

एवढं लिहून झाल्यावर मला स्वतःचाच एक संशय येतो. अशा कबुल्यांना आमच्या क्षेत्रात हल्ली मान आहे. कार्यशाळेत कोणी आपली चूक डोळ्यांत पाणी आणून सांगितली की टाळ्या पडतात, आणि चूक ज्यांच्यावर झाली ती माणसं पुन्हा कथेच्या कडेला जाऊन उभी राहतात, बाळाला कडेवर घेऊन. आधी मी ‘मी’ लपवत होते, आता ‘मी’च ‘मी’. दोन्हीकडे आईचा वाटा तेवढाच, एक वाक्य. सोंगाड्याला हे नक्की कळलं असतं. त्याने झाकण कपाळावर मारून घेत रडणाऱ्या ताईचं सोंग काढलं असतं आणि मावशीने तिला सांगितलं असतं, “रडून झालं आसंल तर हे पोर धर.”

सध्या मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य अहवाल तपासते. मुलं हुशार आहेत, मोबाइलवर बोलून लिहितात, तरी मराठी तीच. गेल्या आठवड्यात एका मुलीने एका ऊसतोड कुटुंबाच्या भेटीविषयी लिहिलं होतं : ‘मातेचे समुपदेशन करण्यात आले.’ मी लाल शाईने समासात लिहिलं, ‘कोणी?’ ती दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली आणि दारातच म्हणाली, “मॅडम, मीच केलं. म्हणजे तिथे गेले होते. ती पाचटाचं छप्पर शाकारत होती, मी खालून पेंढ्या दिल्या. समुपदेशन नक्की केलं का, ते आता आठवत नाही.”

मी तिला म्हटलं, हे असंच लिहून आण. आणलं तर पैकीच्या पैकी गुण देणार आहे.